हौद्यात बसलेली बाई

मुलांनो,

हे सावकाश वाचा. एखादा शब्द अडला तर बाबाला विचारा, पण शेवटपर्यंत वाचून होईपर्यंत त्याला काही सांगू नका. तो म्हणेल, आई उगाच पोरांना घाबरवते.

हे आत्ताच लिहायचं कारण धाकट्याने पाठवलेला व्हिडिओ. जुनी पिकअप घेतलीस, तिच्या स्प्रिंगा बदलल्यास, आता ती वळणावर कलत नाही, हे तू गाडी चालवतानाच मोठ्या उत्साहाने सांगत होतास आणि शेजारी बसून तुझी ताई ते टिपत होती. मला आनंद झाला. पण एका वळणावर तू बोलायचा थांबलास आणि मागून एक बारीक आवाज आला. मी फोनचा आवाज वाढवून पुन्हा ऐकला. मग फोन पालथा ठेवला. तो आवाज मी पूर्वी ऐकलेला आहे.

आपल्या वाईच्या घरीही एक पिकअप होती. नव्वदच्या दशकातली गोष्ट. तुमच्या बाबाने पदवी घेतली आणि नोकरी नको म्हणाला. लोणंदच्या एका व्यापाऱ्याने वापरलेली पिकअप त्याने आणली आणि पाचगणीच्या शाळांतल्या वसतिगृहांना भाजी पोचवायचं काम धरलं. सकाळी वाईच्या बाजारात करंड्या भरायच्या, पसरणीचा घाट चढायचा, माल उतरवायचा आणि रिकाम्या गाडीने परत यायचं.

भरलेली असताना गाडी शहाण्यासारखी वागायची. रिकामी झाली की तिच्या अंगात यायचं. मागचा हौदा प्रत्येक खड्ड्यावर उडायचा, आणि वळणावर सगळी गाडी बाहेरच्या अंगाला कलायची. अर्ध्या घाटात एक उंबर होता, दरीकडे झुकलेला. त्याच्या वळणावर मागची चाकं चक्क दरीकडे सरकायची. मी एकदा त्याच्याबरोबर उतरले आणि घरी आल्यावर ह्यांना, म्हणजे तुमच्या आजोबांना, म्हटलं, "अहो, हा मुलगा एक दिवस त्या उंबराखालून परत येणार नाही."

"वजन नाही मागे," हे म्हणाले. "वजन टाकलं की बसेल गाडी."

वाळूची पोती टाकून पाहिली. ती वळणावर एका बाजूला घसरायची, म्हणजे दुखण्यापेक्षा औषध भयंकर. एकसंध, सपाट आणि जड असं काहीतरी हवं होतं. ते आमच्या मागच्या दारी पडलेलंच होतं: धुण्याचा दगड.

काळा, लांबट, उभा केला तर माणसाच्या छातीपर्यंत येईल एवढा, नळाजवळ आडवा टाकलेला. माझ्या लग्नाच्या कितीतरी आधीपासून त्यावर घरातली धुणी आपटली जात होती. त्या वर्षी आमच्याकडे कपडे धुण्याचं मशीन आलं आणि दगड रिकामा झाला. एक गोष्ट मात्र सांगायला हवी. माझ्या सासूबाई धुणं सुरू करायच्या आधी त्या दगडावर तांब्याभर पाणी घालून हात जोडायच्या. मला वाटायचं, पाण्याला जोडतात. मी कधी विचारलं नाही, आणि मशीन आलं तोवर त्या गेल्या होत्या.

शेजारपाजारच्या पुरुषांनी बांबू लावून, दोर बांधून दगड फळीवरून हौद्यात सरकवला. जसा अंगणात होता तसाच आत गेला. त्याची खालची बाजू कशी आहे हे पाहावं असं कुणालाही वाटलं नाही. धुण्याच्या दगडाला खालची बाजू असते कुठे?

गाडी खरंच बसली. वळणावर सरकणं थांबलं. तुमचा बाबा पहिल्या दिवशी शीळ घालतच घरी आला. आठवडाभराने मात्र जेवताना म्हणाला, "आई, मागे कुणीतरी बसतं बघ. बाई माणूस आहे. तिकीट काढत नाही."

"म्हणजे?"

"उंबराच्या वळणावर बांगड्या वाजतात. तेवढ्याच. पुढे सगळं शांत."

हे हसले. म्हणाले, "सून शोधायला लागलं पाहिजे, याला आत्तापासून बांगड्या ऐकू येतात." मीही हसले. पण त्यानंतर तो ती गोष्ट चेष्टेने सांगेना, आणि ते मला आवडलं नाही. एकदा घाटमाथ्यावरच्या चहावाल्याने त्याच्या हातात कप देऊन विचारलं, "मालक, मागं बसल्याल्या बाईस्नी चा न्हाई का द्यायचा?" बाबाने वळून पाहिलं. हौद्यात दगड आणि रिकाम्या करंड्या. चहावाला थट्टा करत होता असं हे म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून बाबा चहा घरूनच थर्मासमधून न्यायला लागला.

मी इंग्रजी शिकवणारी बाई. प्रत्येक आवाजाला काहीतरी कारण असतं, आणि ते शोधता येतं, असं मी वर्गात सांगत आले होते. शिवाय दगडाने वळण सुधारलं तरी धक्के होतेच. टोमॅटो निम्मे चेचून जात आणि बाबाची पाठ धरत असे. म्हटलं, एकदा गाडीचं काम नीट करून घेऊ. माझं माहेर सांगलीचं. मिरज रस्त्याला कमानपाट्यांचं काम करणारा एक मिस्त्री माझ्या भावाच्या ओळखीचा होता. कमानपाटे म्हणजे चाकांच्या वर असतात त्या पोलादी पट्ट्या, एकीखाली एक लावलेल्या, धनुष्यासारख्या वाकलेल्या. गाडीचा सगळा भार त्या झेलतात.

मी आणि बाबा गाडी घेऊन गेलो. मिस्त्रीने हौद्याचा कोपरा हाताने दाबून पाहिला. "पाटं गंजून चिकटल्यात एकमेकाला," तो म्हणाला. "फळी झालीया फळी. दणकं बसणार न्हाईत तर काय? सगळं सुटं करतो, गिरीस भरतो, शॉकअप नवं टाकतो. वळणावर लोण्यावानी फिरंल. आदी तेवढा धोंडा खाली घ्या."

त्याच्या माणसांनी दगड दोरांनी खाली घेतला. उतरवताना एक दोर सटकला, दगड उभा झाला, हेलकावला आणि वर्कशॉपच्या भिंतीला टेकून तसाच राहिला. इतकी वर्षं जमिनीकडे असलेली बाजू आमच्याकडे झाली.

त्यावर एक हात कोरलेला होता. कोपरात वाकलेला, पंजा वर केलेला, बोटं सरळ. मनगटापासून बांगड्या भरलेल्या. वरच्या बाजूला चंद्र आणि सूर्य. मातीत राहिल्यामुळे कोरीव काम जराही झिजलेलं नव्हतं. तळहातावरच्या रेषासुद्धा दिसत होत्या.

सतीचा दगड. असे दगड आपल्या भागात गावोगाव आहेत, देवळांच्या आवारात, शिवारात. ते उभे असतात. ते पाडून कुणी त्यावर धुणं आपटत नाही.

हातोड्यांचे आवाज बंद पडले. मिस्त्रीने पायातल्या चपला काढल्या.

"आवं बाई," तो हळू आवाजात म्हणाला, "तुमी कुणाला घिऊन फिरताय?"

माझ्या मनात एकच चित्र होतं: सासूबाई, तांब्या, आणि जोडलेले हात. त्यांना माहीत होतं, की त्यांच्याही सासूने नुसतं सांगितलं होतं म्हणून त्या करत होत्या?

बाबाचा चेहरा मात्र सैल झाला. त्याला कारण सापडलं होतं. बांगड्या कुणाच्या, ते कळलं होतं. खरं सांगायचं तर मलाही बरं वाटलं, आणि मिस्त्रीलाही. तो म्हणाला, हिला पुन्हा आडवी टाकून न्यायची नाही, सांगलीतच राहू दे, ओटी भरून उभी न्यायला या. माझ्या भावाने आपल्या परसात कडुलिंबाखाली तिला उभी केली. माझ्या वहिनीने खण-नारळ ठेवला. यानंतर आवाज येणार नाही, यावर आम्हा सगळ्यांचं एकमत होतं, आणि म्हणून तो आवाज कशाचा हे गाडीखाली वाकून कुणीही पाहिलं नाही.

मिस्त्रीची माणसं त्या गाडीखाली जायला तयार नव्हती. "तुमीच जावा की, उस्ताद," त्यातला एक म्हणाला. शेवटी मिस्त्रीने एकट्याने काम केलं, आणि ऊन उतरायच्या आत गाडी दारातून जाऊ दे म्हणून घाईने केलं. वरचा मुख्य पाटा जागेवरच ठेवून त्याने खालचे सगळे सोडवले, घासले, ग्रीस भरून परत बसवले. शॉकअप नवे टाकले. पाट्याचं टोक ज्या पिनेने सांगाड्याला अडकवलेलं असतं त्या पिना उघडायच्या राहिल्या. हे आम्हाला नंतर कळलं. वाईपर्यंत गाडी इतकी अलगद आली की मी झोपले.

दुसऱ्या दिवशी बाबा म्हणाला, "चल आई, घाटात बघ आता." मी गेले. भरलेली गाडी वर गेली, माल उतरला. परतताना धुकं होतं, थंडीतलं, दाट. खाली वाई नव्हती, कृष्णा नव्हती, दरीच नव्हती. रस्त्याच्या कडेला पांढरा पडदा लावल्यासारखं होतं. रिकामी गाडी पहिली वळणं अशी फिरली की मला हसू आलं. कलणं नाही, उडणं नाही. बाबा एका हाताने चालवत होता.

"बघ! उगाच घाबरत होतीस."

समोर धुक्यातून उंबराची फांदी आली, आणि मागे बांगड्या वाजल्या.

अगदी जवळ. हातभर भरलेल्या बांगड्या एकदम मागे सरकवाव्यात तशा. बाबाचा चेहरा एका क्षणात राखेसारखा झाला. "आई, ती तर मामाकडे आहे," तो म्हणाला.

तेच माझ्या डोक्यात लख्ख झालं. ती सांगलीला आहे. मग मागे कुणीच नाही. मग हे काय आहे? इतके दिवस आवाज ज्याच्यावर ढकलला होता ते गाडीत उरलंच नव्हतं.

"थांबव," मी म्हटलं. "वळण घ्यायच्या आधी थांबव."

त्याने उंबराच्या अलीकडे गाडी डोंगराच्या कडेला घेतली, इंजिन बंद केलं, आणि उतरून मागच्या चाकाशी पालथा पडला. मग अगदी शांत आवाजात म्हणाला, "आई, खाली उतर. हळू उतर. दार आपटू नको."

दरीकडच्या पाट्याच्या मागच्या टोकाची पिन जवळजवळ पूर्ण बाहेर आली होती. करंगळीच्या पेराएवढी आत होती. ते वळण घेतलं असतं तर ती निघाली असती, पाटा सुटला असता, आणि मागचं चाक उंबराच्या वळणावर आडवं झालं असतं. तुमचा बाबा तिथे संपला असता, मीही. तुम्ही हे वाचायला नसता.

"नट कधीच पडलाय," तो खालूनच म्हणाला. "आटे गंजलेत. महिने झाले असतील."

"मग इतके दिवस पिन टिकली कशी?"

तो बाहेर आला, हात पुसले, आणि रिकाम्या हौद्याकडे पाहत राहिला. "वजनाने," तो म्हणाला. "सतत भार होता म्हणून पिन दाबलेली राहिली. वळणावर तेवढी जरा हलायची, वाजायची. काल भार काढला आणि ती सरकायला लागली." मग म्हणाला, "तिने दाबून धरली होती, आई."

हे कारण बरोबर आहे. पुढे मी ते इतरांकडूनही पडताळून घेतलं. पिन वाजत होती, लोखंडावर लोखंड. मी ते मानते. पण जे ऐकलं तेही लिहून ठेवते. बाबा पिन ठोकून आत बसवायला दगड शोधत रस्त्याच्या पलीकडे गेला, तेव्हा मी एकटी गाडीजवळ उभी होते. इंजिन बंद होतं, वारा नव्हता, गाडी तसूभरही हलत नव्हती. हौद्यातून आवाज आला. माझ्या हातात घड्याळ होतं आणि एकेक सोन्याची बांगडी. हा काचेचा आवाज होता. लोखंड आणि काच यांतला फरक कुठल्याही बाईला कळतो. मी हौद्यात पाहिलं नाही. बाबा परत आल्यावर त्याला सांगितलंही नाही. आज तुम्हाला सांगते आहे.

पिन आत ठोकून, तार गुंडाळून, बाबा पायी चालण्याच्या वेगाने गाडी खाली घेऊन गेला. मी मागून चालत आले. त्यानेच गाडीत बसू दिलं नाही. वाईत पिना आणि नट नवे बसले. महिन्याभराने तो सांगलीला गेला, आणि तिला हौद्यात उभी बांधून, वर माझं हिरवं लुगडं पांघरून घेऊन आला. आम्ही तिला मागच्या दारी नळाजवळच उभी केली, तोंड घराकडे करून. त्यानंतर पिकअप आणखी काही वर्षं तो घाट चढली-उतरली. वळणावर ती कधी कलली नाही, आणि बाबाने पुन्हा बांगड्यांचं नाव काढलं नाही.

तेव्हा धाकट्या, गाडी पुन्हा बाहेर काढण्याआधी खाली वाकून मागच्या दोन्ही पाट्यांची चारही टोकं बघ. प्रत्येक पिनेला नट आहे का, हाताने फिरवून बघ. नसेल तर कळव. सगळे नट जागेवर असतील आणि तरीही आवाज येत असेल, तर तेही कळव.

पिकअप भंगारात गेली. रस्ता रुंद करताना उंबर तोडला. तुमचे आजोबा नाहीत, माझा भाऊही नाही. ती मागच्या दारी नळाजवळ उभी आहे, आणि सकाळी मी तिच्यावर तांब्याभर पाणी घालते.