भस्मकेतूचे कान

'ह्यांचं काय बी माझ्यापासनं लपलेलं न्हाई,' असं आमची मंडळी चारचौघांत सांगते. सांगू दे बिचारीला. एक गोष्ट लपलेली आहे. चाळीस वर्षं उलटून गेली, आई गेली, भाऊ गेला, आणि त्यातल्या कुणाच्या कानावर मी ती घातली नाही. जोतिबाला दरवर्षी जातो, गुलाल उधळतो, हात जोडतो — आणि तिथंसुद्धा दुसरंच काहीतरी पुटपुटून डोंगर उतरतो. तुम्हाला का सांगतोय मग? तुम्ही मला ओळखत नाही, पावणं. एवढं एकच कारण.

गोष्ट एका चित्रावरनं सुरू होते. हसू नका.

अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशी साल असेल. आम्ही सगळे विशी-बाविशीतले. मी एका वकिलाकडं टायपिंग करायचो. रविवारी दुपारी मटण-भाकरी हाणून झाली की रंकाळ्याच्या अलीकडं एका लाकडाच्या वखारीत आम्ही आठ-दहा जण जमायचो. वखार आमच्यातल्या दिनकरच्या चुलत्याची, रविवारी करवत बंद. तिथं भुशावर बसून आम्ही 'सातगड' खेळायचो. हा खेळ बाजारात मिळत नव्हता, दिनकरनं डोक्यातनं काढलेला. तो गोष्ट सांगायचा — सात गड, त्यांवरचे राजे, जादूगार, राक्षस — आणि आमच्यातला प्रत्येक जण त्या गोष्टीतला कुणीतरी व्हायचा. वार करायचा तर कवड्या टाकायच्या. जितक्या उताण्या पडतील तितका घाव खोल. आणि प्रत्येकाच्या शर्टाला टाचणीनं त्याचं त्याचं चित्र लावलेलं असायचं. ते छातीवर आहे तोवर स्वतःच्या नावानं बोलायचं नाही, हा नियम. मोडला तर सगळ्यांनी मिळून त्याला धोपटायचा, हाही नियमच.

चित्रं काढायचा युनूस. पाट्या रंगवणाऱ्यांच्या घरातला. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या पाठी, आमच्या गल्लीतल्या तालमीचा दरवाजा — सगळं त्याच्या नाहीतर त्याच्या अब्बांच्या हातचं. माझा दोस्त. एक चहा दोघांत पिणारा दोस्त.

मी भस्मकेतू होतो. राक्षसांचा राजा. युनूसनं पहिल्यांदा काढलेला भस्मकेतू तुम्ही बघायला पाहिजे होता! दंडावरची शीर न् शीर दिसायची. गळ्यातल्या कवट्यांवर उजेड पडलेला. दातांवरचं रक्त ओलं वाटायचं, बोट लावून बघावंसं वाटायचं.

घरी माझा बाप मला कमरेच्या पट्ट्यानं मारायचा. हो, बाविसाव्या वर्षीसुद्धा. सायकल वाकडी लावली म्हणून, दार जोरात लोटलं म्हणून, काही नसलं तर तोंड वर करून बघितलंस म्हणून. मी कधी हात उचलला नाही. वकिलाकडं मला नावानं हाक नव्हती, 'ए टायपिस्ट'. आणि रविवारी ते चित्र छातीवर लागलं की मी माणसं उभी चिरायचो. गड पेटवायचो. राजाचं मुंडकं उडवलं की पोरं आरोळ्या ठोकायची. आठवड्यातनं एक दुपार मला कुणीतरी भ्यायचं — कळतंय का तुम्हाला? एक दुपार. माझा तेवढ्यावर आठवडा निघायचा.

मग युनूसनं चित्रं बदलली.

पुण्याला मामेभावाकडं थोडे दिवस राहून आला आणि म्हणाला, सगळी पुन्हा काढतो. काढली. शेडिंग गेलं, शिरा गेल्या, रक्त गेलं. सपाट रंग, भोवती जाड काळी रेघ, डोळे बशीएवढे. माझा भस्मकेतू म्हणजे काडीला वांगं खोचलेलं. त्या रविवारी मी उभा राहून गर्जना केली, आणि कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळेच हसले. युनूसही हसला.

तिथनं दोन गट पडले. जुनेवाले आणि नवेवाले. जुनेवाले म्हणायचे, ह्या तलवारीला वजन न्हाई, हिनं काकडी तरी कापंल का? नवेवाले म्हणायचे, जुन्या चित्रांतले सगळे फोटो काढायला उभारल्यासारखे उभे, ह्यातले पळतात तरी. चित्रावरनं कोण एवढं भांडतंय, असं वाटलं ना? या की कोल्हापुरात. इथं दोन पैलवानांवरनं, दोन नट्यांवरनं, रश्शाच्या रंगावरनं डोकी फुटलेली आहेत. एका रविवारी दिनकरनं नव्याची बाजू घेतली आणि मी त्याच्या थोबाडावर फळकूट हाणलं. वरचा दात तुटून भुशात पडला. तो दात हुडकायला मग आम्ही दोघंच भुसा चाळत बसलो, तो रक्त थुंकत आणि मी शिव्या देत. पुढच्या रविवारी नवेवाल्यांनी मला वखारीमागं गाठला. बरगडी कितीतरी दिवस श्वास घेऊ देत नव्हती. घरी बापानं विचारलं, कुणी मारलं? आणि उत्तर यायच्या आधी स्वतः दोन लगावल्या.

युनूस ह्या मारामारीत पडायचा नाही. बाजूला बसून रंग कालवायचा. एकदा मला म्हणाला, "बाळ्या, भ्या शेडिंगमदी नसतंय रं. रेघंत असतंय. तू नीट बघ तरी."

मी बघायचा न्हाई, असं तेव्हा म्हणालो. पण खरं सांगू? बघितलं होतं. ते चित्र चांगलं होतं. तेव्हाच मला कळलं होतं की ते चांगलं आहे, आणि त्यामुळंच माझं टाळकं जास्त फिरलं.

आता तात्या वस्ताद. गल्लीच्या टोकाला तालीम, तिचे हे वस्ताद. पैलवानाचा कान कधी जवळनं बघितलाय? मातीत घासून, कोपराचे तडाखे खाऊन कान आत चुरगळत जातो, वाळलेल्या अंजिरासारखा होतो. ज्याचा कान असा, त्यानं आयुष्य आखाड्यात घातलं हे वेगळं सांगावं लागत नाही. आमच्याकडं त्या कानाला मान आहे. तात्यांचे दोन्ही कान तसे, आणि डाव्या भुवईतनं आरपार गेलेला एक व्रण. मोडलेलं हाड बसवून घ्यायला पार गगनबावड्याकडनं माणसं त्यांच्याकडं यायची. त्याच तालमीत मोहरमला पीरांचे पंजे बसायचे, तेव्हा युनूसच्या घराला पहिला मान तात्याच द्यायचे.

मी काय केलं — हं. सांगतो.

मी ते नवं चित्र छातीवरनं काढलं आणि घरी नेलं. टाक घेतला, काळी शाई घेतली, आणि भस्मकेतूला तात्यांचे कान काढले. डाव्या भुवईत ती चीर काढली. मला चित्र येत नाही हो! शाळेत माझा आंबा बाईंना ओळखू यायचा नाही. पण नव्या पद्धतीत होतं काय? नुसती जाड रेघ. चार फटकाऱ्यांत काम झालं. जुनं चित्र असतं तर मला ते जन्मात जमलं नसतं.

दोन कानफटात बसतील, युनूस टरकेल, गुमान जुन्यावर येईल — एवढंच माझ्या डोक्यात होतं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. खोटं आहे ते. मला त्याला लागलेलं बघायचं होतं. तो हसला होता ना? मला त्याचं रक्त बघायचं होतं.

संध्याकाळी तालमीत गेलो. पोरं लढती करून अंगाची माती काढत बसलेली. मी चित्र तात्यांच्या हातात दिलं आणि म्हणालो, युनूसनं काढलंय, राक्षस म्हणून, आम्ही सगळे ह्याला हसतो. तात्यांनी ते लांब धरून बघितलं, जवळ धरून बघितलं. बघता बघता त्यांचा हात आपसूक स्वतःच्या कानाकडं गेला. "आमचं हसं केलं व्हय पोरानं?" एवढंच म्हणाले आणि आत निघून गेले. मारा असं ते बोलले नाहीत. हे मला इथं स्पष्ट सांगायचं आहे. ते बोलले नाहीत.

चौघं पठ्ठे उठले ते आपणहून. आणि वाट दाखवायला पुढं मी.

युनूस दुकानात एका डेअरीची पाटी रंगवत होता. चित्र त्याच्या तोंडासमोर धरून एकानं विचारलं, हे तू काढलंस? युनूसनं बघितलं. एकदा बघूनच त्याला कळलं. "चित्र माझं हाय," तो म्हणाला, "कान माझं न्हाईत." मग त्यानं माझ्याकडं बघितलं. माझ्या बोटांना शाई लागलेली होती. ती त्याला दिसली. दिसली, मला पक्कं ठाऊक आहे.

बोलायला जागा होती की नाही? होती. चौघं माझ्याकडं बघत थांबले होते. आणि मी म्हणालो, "खोटं बोलतोय. मी बघितलंय काढताना."

मग लाथा. तोंडावर, पोटात. दुकानात एवढीशी जागा, त्यामुळं पडायलाही त्याला जागा नव्हती, भिंतीला धडकून तो पुन्हा त्यांच्याच हातात यायचा. एक जण म्हणाला, ज्या हातानं काढलं तो हात आणा. पाटीवर हात ठेवायचा होता आणि युनूस तो काखेत दाबून धरत होता. तो हात ओढून मी काढला. मनगट मी दाबून धरलं. मला कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी रंगाचा भरलेला मोठा डबा उचलून आणला. पहिला आवाज लाकडाचा आला. पुढचे आवाज लाकडाचे नव्हते. झाकण उडालं, पांढरा रंग आमच्या सगळ्यांच्या अंगावर, त्यात त्याचं रक्त. ओरडला तेव्हा त्यानं शिवी दिली नाही. माझं नाव घेऊन ओरडला. "बाळ्या!" जसं काही मी त्याला वाचवायला उभा होतो.

हाड बसवायला अब्बा त्याला कुठं नेणार? तात्यांकडंच नेलं. तात्यांनी बोटं एकेक करून जुळवली, पट्ट्या बांधल्या. पुढं रोज तेल लावून चोळायचे. ज्यानं आपल्याला राक्षस केलं असं ते समजत होते, त्याच पोराचा हात मांडीवर घेऊन बसायचे, मान खाली. युनूसनं त्यांना माझं नाव सांगितलं नाही. का नाही सांगितलं? मला आजही कळलेलं नाही. बोटं जुळली, पण दोन वाकडीच राहिली. ब्रश धरला की रेघ थरथरायची. मग तो डाव्या हातानं गाड्यांचे नंबर घालायला लागला. वखारीत पुन्हा कुणी जमलं नाही.

आणि इथंच संपलं असतं तर — पण नाही.

सहा-सात वर्षांनी तात्या अंथरुणाला खिळले. गल्ली भेटून येत होती, मीही गेलो. त्यांनी बाकीच्यांना बाहेर पाठवलं. मला अजून युनूसचा दोस्त समजत होते ते; मनगट कुणी धरलं हे पठ्ठ्यांनी त्यांच्या कानावर घातलेलं नव्हतं. म्हणाले, "बाळू, त्या पोराला आण एकडाव. माझ्या पठ्ठ्यांनी माझ्यापायी त्येचा हात मोडला. हात बसिवताना मला बोलाय झालं न्हाई. आता त्येच्या पायावर डोस्कं ठेवतो, मग जातो."

आणतो म्हणालो. बाहेर आलो आणि मग डोक्यात आलं. दोघं समोरासमोर बसले की त्या कानांची गोष्ट निघणार. मग?

दुसऱ्या दिवशी मी एकटाच गेलो. म्हणालो, "तात्या, तो येत न्हाई म्हणतोय. तुमचं तोंड बघायचं न्हाई म्हणतोय."

तात्या आढ्याकडं बघत पडून होते. त्यांच्या डोळ्यांतनं पाणी कानांत उतरत होतं. "बराबर हाय त्येचं," म्हणाले. चौथ्या दिवशी गेले.

युनूस चार गल्ल्या पलीकडं राहायचा. मी त्याच्याकडं गेलोच नव्हतो. तात्या गेल्याचं कळल्यावर तो धावत आला, दारातच मोठ्यानं रडायला लागला. तिरडी उचलली तेव्हा पुढच्या खांद्याला तोच होता, वाकड्या बोटांनी बांबू धरून. गर्दीत मी मागं उभा होतो. त्यानं मला बघितलं, थोडा बाजूला सरकला आणि मला जागा करून दिली.

मी खांदा दिला.