विमानाच्या धुनेखालचा आवाज

बाबांच्या ऑफिसने मोडीत काढलेला कॉम्प्युटर जठारपेठेतल्या आमच्या घरी आला आणि त्याला जावयाचा मान मिळाला. अंगावर आईने शिवलेलं झाकण, कूलरची हवा आधी त्याला, मग आम्हाला. धुळीने तो बिघडतो म्हणून त्या खोलीत चप्पल घालून जायचं नाही, हा बाबांचा नियम. त्याच्या बिघडण्याला आम्ही इतके भ्यायचो की तो आमचं काही बिघडवेल, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

मी तेव्हा शाळेत होते. कॉम्प्युटरवर विमानाचा एक खेळ होता. विमान म्हणजे काय, पाच-सहा पांढरे चौकोन. खाली हिरवे चौकोन, ती शेतं. पण सुरुवातीची धून लागली की पोटात गुदगुल्या व्हायच्या. त्या टिंगटिंग सुरांखाली स्पीकरमधून घूं असा जाड आवाज सतत यायचा. मला वाटायचं, इंजिनाचाच आहे. उन्हाळा चढला तसा तो वाढला आणि मी खूश झाले.

वर्षं वाईट होती. तेल्हाऱ्याहून मामाचा फोन आला की रिसीव्हर उचलण्याआधीच आईचा चेहरा उतरायचा. कापूस पुन्हा गेलेला असायचा आणि गावातल्या कुणाच्या तरी घरची बातमी असायची. मग मी आवाज मोठा करून विमान उडवायचे. त्या हिरव्या चौकोनांत कुणी मरत नसे.

त्या दुपारी आई कूलरमध्ये पाणी ओतून आली. चपला दाराबाहेर, पाय ओले.

"कर बंद आता. तापलं असन ते," म्हणाली, आणि ताप बघावा तसा तिने कॉम्प्युटरच्या पत्र्याच्या डब्यावर हात ठेवला.

हात तिथेच राहिला. तोंड उघडं, आवाज नाही. सगळं अंग थरथरत होतं. धून चालूच होती आणि तिच्याखालचा घूं एकदम मोठा झाला. मी धावले, तर आईचे डोळे माझ्यावर आले. येऊ नको, एवढंच होतं त्यांत. मी जागीच थिजले. भीतीने माझे कपडे ओले झाले. आई माझ्यासमोर मरते आहे हे मला कळत होतं.

आणि लाईट गेली. जिच्या नावाने सगळं अकोला बोटं मोडायचं, ती लोडशेडिंग.

आई धप्पकन खाली बसली. आणि पहिलं काय बोलली, तर "बिघडलं तं नाही ना ते?"

मग वायरमन आला. कूलरची वायर सोललेली, कूलर आणि कॉम्प्युटर एकाच बोर्डावर, आणि अंगणातला अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत. प्यायच्या पाण्याची मारामार असताना त्या खड्ड्यात कोण ओतणार? स्पीकरमधला घूं जमिनीत न उतरता कॉम्प्युटरच्या पत्र्यात शिरलेल्या करंटचाच होता. "पायात चप्पल असती तं यवढं झालं नसतं," तो म्हणाला. बाबा कितीतरी वेळ दाराबाहेरच्या चपलांकडे बघत राहिले.

परवा, इतक्या वर्षांनी, ती धून मोबाईलवर सापडली. स्वच्छ, घूंशिवाय. मला आनंद व्हायला हवा होता, पण मी नकळत पाय फरशीवरून वर उचलले. आईने ओळखली. "तेच काय व हे?" म्हणत, चार्जिंगला लावलेल्या मोबाईलकडे ती हात पुढे करून आली. फरशी नुकतीच पुसलेली होती.

"आई, चप्पल!" मी किंचाळले.

ती तिथेच थांबली, दोन्ही हात पदरात घेऊन.