चौकातला उजवा वळसा

गाव सोडलं त्या सकाळी आमच्या गाडीच्या चाकाला रक्त लागलं होतं, आणि ते माझ्या चुलत दिराचं होतं. तेव्हा ओढ्याकाठी जे जमले होते त्यांना हे ठाऊक आहे. जे नंतर जन्मले, किंवा लग्न होऊन गावात आले, त्यांनी वेगळंच काही ऐकलं असेल. माझ्याबद्दलही वेगळंच ऐकलं असेल. म्हणून लिहिते. वडिलांनी मला चौथीपर्यंत शिकवलं ते वाया जायला नको.

आम्ही करमाळ्याकडचे. दोन वर्षं पीक नव्हतं आणि बाजारात गाडीला भाडं मिळेना. सोलापुरात गिरण्यांना कापसाच्या गाठी वाहायला बैलगाड्या लागतात असं कळलं, तेव्हा मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, गाडी-बैलांसकट निघायचं ठरवलं. गाडीत जातं, हंडे, ज्वारीची पोती, अंथरुणं, कडबा आणि सगळ्यावर मी. ओढ्याच्या उतारावर वाट दोन्ही बाजूंनी खोल कापलेली आहे, एका वेळी एकच गाडी जाते. समोरून माझे चुलत दीर भागुजी भाऊजी रिकामी गाडी घेऊन आले. बांधावरून त्यांच्याशी आमचं बोलणं तुटलं होतं. आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे. रिकामी गाडी मागे घ्यायची, भरलेली थांबवायची नाही. भरली गाडी एकदा थांबली की पुन्हा ओढताना बैलांचे खांदे सोलतात, म्हणून ही रीत. भागुजींनी गाडी तिथेच उभी केली आणि विडी पेटवली.

मामंजी आम्हाला पोचवायला चालत येत होते. त्यांनी आमच्या गाडीच्या बाजूचा लाकडी खुंटा उपसला, पुढे गेले आणि भागुजींच्या खांद्यावर घातला. दुसरा घाव डोक्यात बसला. भागुजी खाली आले. निरोपाला जमलेल्यांपैकी चार जणांनी त्यांची गाडी बैलांसकट मागे रेटून वरच्या पडीक शेतात घातली. भागुजी अजून वाटेतच होते, उठायला बघत होते. मालकांनी कासरा ढिला सोडला आणि गाडी नेली. भागुजींच्या डाव्या हाताचा पंजा चाकाखाली आला. मी वरून ऐकलं, काटकी मोडल्यासारखं.

मामंजी म्हणाले, "भरल्या गाडीनं थांबायचं न्हाय. जा."

माझी आई निरोपाला आली होती. ती गाडीबरोबर थोडी धावली आणि मला म्हणाली, "तू तोंड उघडू नगंस. बाप्यांच्या मधी बाईनं पडू न्हाय." हे दोन उपदेश घेऊन आम्ही सोलापूरला निघालो. चार दिवस लागले. मोहोळच्या पुढे ओढ्याच्या पाण्यात मालकांनी चाक धुतलं.

सोलापुरात आम्हाला गिरणीमागच्या चाळीत खोली मिळाली. गावात पहाट कोंबड्याने व्हायची, इथे भोंग्याने. शेजारी तेलुगू विणकर. त्यांचे माग दिवसभर खडखडत आणि पहिला महिनाभर मला वाटायचं, कोणी तरी भिंत फोडतंय. गावात सगळे मला अमक्याची सून म्हणून ओळखत. इथे कोणी काही विचारलं नाही. शेजारच्या नरसम्माने फक्त तांब्या भरून पाणी दिलं आणि नळ कधी येतो ते बोटांवर सांगितलं. मला ते बरं वाटलं, हे मी तेव्हा कोणाला कळवलं नाही.

मालक रेल्वेच्या मालधक्क्यावरून गाठी भरत आणि गिरणीत नेऊन टाकत. वाटेत एक मोठा चौक लागे. मधोमध गोल दगडी ओटा, त्यावर हवालदार. मी दुपारी भाकरी घेऊन त्या चौकाच्या कडेला बसायची, गाडी आली की भाकरी द्यायची. रोज अर्धा-पाऊण तास बसावं लागे. तेवढ्यात मी चौकाचा कायदा शिकले. मला तो कोणी शिकवला नाही. डाव्या अंगाने चालायचं. डावीकडे वळायचं तर कडेला चिकटून वळायचं. उजवीकडे वळायचं तर हात बाहेर काढायचा, थांबायचं, समोरून सरळ येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, मग ओट्याच्या पलीकडून पूर्ण वळसा घालून वळायचं. ओट्याच्या अलीकडूनच कापून वळलं, तर आपण समोरच्याच्या तोंडात जातो. गाडी भरलेली आहे की रिकामी, हे तिथे कोणी बघत नाही. मला हे पटायला आठ दिवस लागले. मालकांना पटलंच नाही. गिरणीचं फाटक त्यांच्या उजव्या हाताला यायचं आणि ते रोज ओट्याच्या अलीकडून कापायचे. वळसा घालताना उंच भरलेली गाडी कलते, बैल ओढाताण करतात, हे त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. तीन वेळा हवालदाराने त्यांच्या पाठीवर वेत ओढला. ते वळ मीच शेकले.

एकदा मी परातीत ज्वारीचं पीठ पसरलं, बोटाने चार रस्ते काढले, मधे वाटी ठेवली आणि गाडी कुठून न्यायची ते दाखवलं. मालकांनी परात पायाने उडवली आणि माझ्या कानाखाली दिली. "मला गाडी हाकाय शिकीवतीस व्हय?" मी पीठ गोळा केलं, चाळलं आणि त्याच्याच भाकऱ्या केल्या. पुन्हा तो विषय काढला नाही. आईचं ऐकलं म्हणा.

चैत्रातली दुपार होती. मालक आठ गाठी भरून येत होते, त्यांच्या मागे ओळीने आणखी पाच-सहा गाड्या. समोरून लॉरी आली. रिकामी होती, तिचा पत्रा लांबूनच वाजत होता. हवालदाराने मालकांकडे तळहात केला. मालकांनी हात बघितला, मग लॉरी बघितली, आणि ती रिकामी आहे हेही बघितलं. ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. त्यांनी चाबूक ओढला आणि ओट्याच्या अलीकडून आत घेतलं.

लॉरीवाल्याने भोंगा दाबला, ब्रेक दाबला. लॉरी घसरत आली आणि डाव्या अंगाच्या बैलावर बसली. त्याची मान मागे फिरली. जू मोडलं, गाडी उलटली आणि गाठी खाली आल्या. दोन गाठी मालकांच्या पायावर पडल्या. मांडीचं हाड कातडी फोडून बाहेर आलं होतं. दुसरा बैल मोडक्या जुवासकट फरफटत हवालदाराच्या अंगावर गेला आणि हवालदार ओट्यावरून डोक्यावर पडला.

मागचे गाडीवाले उड्या टाकून आले. मला वाटलं गाठी उचलतील. ते लॉरीकडे गेले. लॉरीवाला तिशीचा असेल, दुधनीकडचा, कानडी बोलणारा. त्याला केसाला धरून खाली ओढला. आधी चाबकाच्या दांड्यांनी मारलं, मग दगडांनी. कोणी तरी गाठी ओढायचा लोखंडी आकडा त्याच्या खांद्यात घातला आणि त्याच आकड्याने त्याला चाकाशी ओढत नेलं. कासऱ्याने चाकाला बांधलं. तो "यव्वा, यव्वा" करत आईला हाक मारत होता. त्यांचा म्होरक्या सिद्राम, आमच्याच बाजूचा माणूस, सणावाराला आमच्याकडे जेवून गेलेला. तो प्रत्येक फटक्याला एकच विचारत होता, "रिकामा असून भरल्या गाडीवर घालतोस?"

सगळे गावाकडून आलेले. त्यांच्या डोक्यात निकाल लागून गेला होता.

मी मालकांजवळ होते. भाकरीचं फडकं मांडीवर घट्ट आवळलं, रक्त थोडं कमी झालं. गाठ मला एकटीला हलेना. मी हाका मारल्या, कोणी वळून बघेना. सगळ्यांचे हात मारण्यात गुंतलेले. मी खूप दयेने पुढे गेले असं सांगणार नाही. माझा हिशोब सरळ होता. हा माणूस मेला तर हे सगळे तुरुंगात जातील, आणि तोवर माझा माणूस गाठीखाली रक्त जाऊन मरेल. आणि चूक त्या माणसाची नव्हती, हे मी डोळ्यांनी बघितलं होतं. हवालदार बेशुद्ध पडला होता, ते सांगणारं दुसरं कोणी त्या चौकात नव्हतं.

हवालदाराच्या ओट्यावर मी चढले. लुगड्याचा पदर रक्ताने भिजलेला होता, तो तसाच खोचला.

"त्याला मारू नगा. चूक आमच्या गाडीची हाय. हवालदारानं हात केला हुता, आमचं मालक थांबलं न्हाईत. म्या बगितलंय."

हात थांबले. सगळे एकदम नाही, पण थांबले.

सिद्राम माझ्याकडे आला. "वैनी, भान हाय का? तुजा नवरा मरतोय तितं."

"मरतोयच की. मग गाठी उचला त्याच्यावरच्या. ह्याला मारून त्यो उटतोय व्हय?"

त्याने चाबकाची दांडी माझ्या तोंडावर मारली. पुढचे दोन दात गेले. मी ओट्यावरून पडले, पण पडता पडता बघितलं की दोघं-तिघं गाठींकडे वळले होते. लॉरीवाल्याचा कासरा कोणी तरी सोडला. त्याचा एक डोळा फुटला होता. तो जगला.

मालक शुद्धीवर होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांना उचलून टांग्यात घालताना ते सिद्रामला म्हणाले, "ह्या बाईच्या हातचं पाणी बी नगं मला." सिद्रामने ते चौकात सगळ्यांना ऐकू जाईल असं पुन्हा सांगितलं.

मग दवाखाना, पोलीस, जबाब. जबाबातही मी तेच सांगितलं. लॉरीवाला सुटला आणि सिद्रामसकट तिघं आत गेले. त्या रात्री आमच्या दाराला लाथा बसल्या आणि दाराची फळी फुटली. सकाळी नरसम्माच्या नवऱ्याने मागाची एक जुनी लाकडी पट्टी ठोकून ती बुजवली. पंधरा दिवसांनी मोठे दीर आले, मालकांना आणि उरलेल्या बैलाला घेऊन गेले. मालकांचा पाय वाचला होता, पण आखूड झाला होता. तू येतेस का, असं मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय म्हटलं असतं, हे अजूनही नक्की सांगता येत नाही.

नरसम्माने मला गिरणीत नेलं. सूत रिळावर गुंडाळायच्या खात्यात बायका लागत. बायकांना कामावर घेणाऱ्या जॉबरने माझं तोंड बघितलं आणि विचारलं, "नवऱ्याने पाडले का दात?" मी म्हटलं, दुसरीच्या नवऱ्याने. तो हसला आणि मला पाळीवर घेतलं. आता मी त्याच खात्यात नव्या बायकांना काम दाखवते.

सासूबाई गेल्या तेव्हा मी एकदाच गावी आले. तुम्ही बघितलंत. वेशीत मोठे दीर काठी घेऊन उभे होते. पहिली काठी माझ्या खांद्यावर बसली, दुसरी मी धरली. गिरणीतल्या बाईचे हात आहेत, सुटली नाही. "तेरावं घालायला आले हाय," मी म्हटलं, "मारामारी नंतर करू." तुमच्यातल्या काही जणी हसल्या, हेही मला ऐकू आलं.

पण पुढचं तुम्ही बघितलेलं नाही. सगळे विधींना नदीवर गेले तेव्हा मालक पायामुळे मागे राहून घराच्या ओट्यावर एकटे बसले होते. मी दारात भांडी घासत होते. ते खाली बघतच म्हणाले, "व्हय, माजीच चूक हुती. हात बी दिसला हुता, लॉरी बी दिसली हुती. पर त्ये तू बोलायचं न्हवतं."

"मग कुणी बोलायचं? तुमी तर गाठीखाली हुता."

त्यांनी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की माशी उडवायला, मला कळलं नाही. माणसं परत येताना दिसली तसे ते उठून लंगडत आत गेले. सगळ्यांसमोर मला वाढू दिलं नाही. मी दुसऱ्या दिवशी जेऊरला आगगाडी पकडली.

गावाकडून जे इथे आले ते मला विचारतात, तुला घराची आठवण येत नाही का. येते. हुरड्याची येते, शेळ्यांच्या वासाची येते, मामंजींची सुद्धा येते. पण माझं घर आता गिरणीमागची ही खोली आहे. सोलापूरनेही मला मारलंच, दोन दात घेतले. फक्त इथे मी बोलले तेव्हा मारणारे हात थांबले होते, आणि गावात मी अजून काही बोलले नव्हते तेव्हाच काठी बसली.

मालकांना यायचं असेल तर यावं. खोलीत जागा आहे, चौकात बसून चहा पिता येतो, आखूड पायाचं इथे कोणी काही म्हणत नाही. येण्याआधी मला जे एकटीला सांगितलं ते त्यांनी चावडीवर सांगावं, एवढीच माझी अट आहे. ते सांगणार नाहीत, हे मला ठाऊक आहे. म्हणून हा कागद पाठवते आहे. चावडीवर ज्याला वाचता येतं त्याने तो मोठ्याने वाचावा, आणि वाचताना मालकांना समोर बसवावं.