चिन्हांना गप बसवणाऱ्या शालन मॅडम

शालन मॅडम एंटरचं बटण दाबण्याआधी दोन्ही तळहात ओढणीला पुसायच्या. हाताला काही लागलेलं नसायचं, भीतीने घाम आलेला असायचा. मग पडद्यावरची ओळ मोठ्याने वाचायच्या, एकेक चिन्ह बोटाने दाखवत, आणि डोळे मिटून बटण दाबायच्या. मी नोकरीला लागलो त्या दिवशी मला वाटलं, बाई देवभोळ्या असाव्यात, काहीतरी पुटपुटत असतील. जवळ जाऊन ऐकलं तर त्या म्हणत होत्या, "अवतरण, तिरकी रेघ, चांदणी, कंस बंद."

आमचं ऑफिस संगमनेरात, नाशिक-पुणे रस्त्यावर एका टायरच्या दुकानाच्या वर. लोकांच्या मोबाईलवर मेसेज पाठवणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. डेअरीला घातलेल्या दुधाची फॅट किती लागली, शाळेला उद्या सुट्टी आहे की नाही, असले मेसेज. आणि पावसाळ्यात, वरच्या धरणातून प्रवरेला पाणी सुटणार असलं की नदीकाठच्या गावांना इशारा. हे सगळं नीट चालतं की नाही ते तपासणं शालन मॅडमकडे. तपासण्या हाताने करायच्या म्हटल्या तर दिवस पुरणार नाही, म्हणून त्या यंत्रालाच कामाला लावायच्या. काय तपासायचं, कुणाच्या नावावर, काय उत्तर यायला हवं, हे लिहून दिलेल्या ओळी म्हणजे स्क्रिप्ट. त्या लिहिण्यात त्यांचा हात धरणारं आमच्याकडे कुणी नव्हतं, आणि त्या चालवताना त्यांच्याइतकं घाबरणारंही कुणी नव्हतं.

तशा त्या सगळ्यालाच घाबरायच्या. लिफ्टला, पालीला, एसटीने ओव्हरटेक केला तर त्याला. एरवी बोलणं अगदी शुद्ध, पण भीती वाटली की ऑफिसची भाषा गळून पडायची आणि माहेरची बाहेर यायची. 'आहे'चं 'हाय' झालं की आम्ही ओळखायचो, मॅडमच्या पोटात गोळा आला. आम्ही चिडवायचोही. त्या रागवायच्या नाहीत, "भ्यावंच लागतं बाबा," म्हणायच्या.

पहिला धडा मला डेअरीच्या यादीवर मिळाला. आपल्याकडे एका गावात एकाच नावाची चार माणसं असतात, म्हणून यादीत नावापुढे कंस करून कुणी धाकटे, कुणी मळ्यातले, असं लिहितात. माझी स्क्रिप्ट 'गुंजाळ (धाकटे)' शोधत होती आणि सापडत नाही म्हणत होती. यादीत तर नाव डोळ्यांसमोर दिसत होतं. माझं डोकं फिरायची वेळ आली तेव्हा मॅडम येऊन मागे उभ्या राहिल्या.

"तुझा कंस बोलतोय," त्या म्हणाल्या. "त्याला गप बसव आधी."

मग त्यांनी समजावलं. अक्षरं मुकी असतात, यंत्र ती जशीच्या तशी घेतं. पण काही चिन्हं बोलकी असतात. कंस, चांदणी, अवतरण, टक्का ही आपल्याला नुसती चिन्हं दिसतात, यंत्राला त्यांच्यात हुकूम ऐकू येतो. चांदणी म्हणजे तर त्याला वाटतं, 'काहीही चालेल, सगळं घे.' चिन्हाला नुसतं चिन्ह म्हणून घ्यायचं असेल तर त्याच्याआधी एक उलटी तिरकी रेघ द्यायची. रेघ दिली की ते गप बसतं. मी कंसांना रेघा दिल्या आणि धाकटे गुंजाळ सापडले.

दुसरा धडा अवघड होता. स्क्रिप्ट एका प्रोग्रॅमकडून दुसऱ्याकडे जाते, आणि मधला प्रत्येकजण ती रेघ आपल्यासाठीच आहे असं समजून काढून घेतो. पुढच्याकडे पोचेपर्यंत चिन्ह पुन्हा बोलायला मोकळं. मॅडम या मधल्या प्रोग्रॅमना 'घर' म्हणायच्या. "प्रत्येक घर आपला वाटा खातं. किती घरं ओलांडायची ते मोज आणि तेवढी शिदोरी बांध." म्हणजे वाटेत एक घर वाढलं तर एक रेघ पुरत नाही, दोन द्याव्या लागतात. हे मला त्यांनी इतक्या वेळा ऐकवलं होतं की घरी जेवतानासुद्धा मी घरं मोजायचो.

आणि तरीही ते झालं, आणि त्यांच्याच हातून झालं.

आषाढातले दिवस होते. घाटमाथ्यावर पाऊस लागलेला, नदीला कमरेएवढं पाणी, पण धरण भरायला अजून अवकाश होता. म्हणून इशाऱ्याचा मेसेज आधीच तपासून ठेवायचं ठरलं. तपासणीचा मेसेज फक्त ऑफिसातल्या फोनवर जायचा. ऑफिसातल्यांची नावं ओळखू यावीत म्हणून यादीत त्यांच्याआधी चांदणी काढलेली असायची, आणि स्क्रिप्ट सांगायची, चांदणीने सुरू होणारी नावं तेवढी घे. त्याच आठवड्यात आमच्या साहेबांनी स्क्रिप्ट ठरल्या वेळी आपोआप सुरू करणारा एक नवा प्रोग्रॅम बसवला होता. मॅडमना ते ठाऊक होतं. तरी त्यांनी सवयीने चांदणीआधी एकच रेघ दिली, ओळ पडद्यावर छापून पाहिली, रेघ शाबूत दिसली. हात पुसले, मोठ्याने वाचलं, डोळे मिटले. पण पडद्यावर छापून आली ती ओळ नव्या घरात शिरण्याआधीची होती. आत गेल्यावर त्या घराने रेघ खाल्ली आणि चांदणी 'सगळं घे' म्हणायला मोकळी झाली.

मॅडमचा फोन वाजला, मग माझा, मग साहेबांचा. आम्ही खूश झालो. पण पडद्यावर गेलेल्या मेसेजचा आकडा थांबेना. तो वाढतच चालला. मी अजून नुसता बघत होतो तेवढ्यात खालच्या टायरवाल्याचा फोन वाजल्याचं ऐकू आलं. तो नदीकाठच्या गावचा. हातातलं चाक टाकून त्याने गाडीला किक मारली आणि दुकान उघडं ठेवून तो निघून गेला.

मॅडमनी स्क्रिप्ट बंद केली तोवर अर्ध्या गावांना मेसेज पोचला होता. 'धरणातून पाणी सोडले आहे. नदीपात्रातील मोटारी व जनावरे तातडीने हलवा.' ही चाचणी आहे, असंही त्यात होतं, पण अगदी शेवटी, आणि तिथवर कोण वाचतं?

साहेब शांत होते. चुकीचा होता असा दुसरा मेसेज पाठवू, म्हणाले, आणि लोक थोडे सावध राहिले तर बिघडलं कुठे? मलाही तसंच वाटलं. मी तिसगावचा. आमच्याकडे पाणी येणार म्हटलं की माणसं हंडे घेऊन टँकरकडे पळतात, नदीचं मला काय कळणार? मॅडमचा चेहरा मात्र पांढराफटक पडला होता.

"सायेब, मेसेज आल्यावर मान्सं नदीपासून लांब न्हाई पळत," त्या म्हणाल्या. "नदीत उतरत्यात. मोटारी काडायला."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. काठच्या सगळ्या उसाला पाणी नदीतल्या मोटारींवर. पुरात मोटार गेली की उभा ऊस वाळणार. म्हणून इशारा आला की माणूस हातातलं टाकून नदीत शिरतो, दोर बांधतो, मोटार ओढून काढतो. घाईघाईत, कमरेएवढ्या पाण्यात, विजेच्या ओल्या केबलशी झटत. मॅडमचे थोरले भाऊ दत्तूभाऊ तिथेच, नदीकाठच्या माहेरच्या गावी. साठी उलटलेली, आणि मोटार डोहाच्या कडेला.

दुसरा मेसेज लगेच गेला. पण फोन सदऱ्याच्या खिशात आणि सदरा काठावर, तर वाचणार कोण? मॅडमनी भावाला फोन लावला. वाजत राहिला. परत लावला, परत वाजत राहिला. वहिनींना लावला तर त्या म्हणाल्या, ते तर ताटावरून उठून कधीच गेले. मॅडमनी फोन ठेवला नाही, तो तसाच त्यांच्या हातात राहिला. "निलेश, गाडी काढ," एवढंच त्या म्हणाल्या.

मोटारसायकलवर मागे बसायला या बाई एरवी तयार व्हायच्या नाहीत. त्या दिवशी माझा खांदा इतका घट्ट धरला होता की नंतर वळ उठले, आणि तोंडाने सारखं, जोरात चालव, जोरात चालव. मधेच म्हणायच्या, "घर मोजलं न्हाई रे मी. एक घर मोजलं न्हाई." मी गाडी आणखी पिळली. वाटेत दोर खांद्यावर टाकून नदीकडे पळणारी माणसं दिसत होती. मी त्यांना ओरडून सांगत होतो, पाणी येत नाही, खोटं आहे. कुणी वळूनही बघत नव्हतं. उसातली ती पायवाट संपता संपेना.

दत्तूभाऊ छातीइतक्या पाण्यात होते. एक हात पाइपावर, दुसऱ्या हाताने मोटारीखाली दोर घालत होते. मॅडम काठावरून ओरडल्या, दादा, बाहेर ये, पाणी सुटलेलं नाही. पाण्याच्या आवाजात त्यांना काय ऐकू गेलं कोण जाणे. बहीण काठावर दिसली एवढंच कळलं, आणि ते उलट तिच्यावरच खेकसले, हाताने मागे जा, मागे जा करू लागले. लोंढा येईल आणि ही वाहून जाईल, अशी भीती त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होती.

मॅडम मला म्हणाल्या, स्टार्टरच्या पेटीत बघ, बटण खाली आहे का. मी पेटी उघडली. बटण वरच होतं, म्हणजे चालू. त्या वेळी लाईट गेलेली होती म्हणून, नाहीतर काय झालं असतं ते मला आजही मनात आणवत नाही. मी ते खाली ओढलं आणि वळून पाहिलं तर मॅडम चपलांसकट पाण्यात शिरल्या होत्या. पालीला घाबरणारी बाई. गुडघ्यापर्यंत गेल्या, कमरेपर्यंत गेल्या आणि त्यांचा पाय घसरला. दत्तूभाऊंनी दोर सोडला, मोटार सोडली आणि बहिणीला दंडाला धरून काठावर ओढून आणलं. मी काठावर नुसता उभा होतो.

तिघेही चिखलात बसलो होतो तेव्हा शेजारच्या वस्तीवरचा दिवा लागला. लाईट आली होती. आम्ही तिघांनीही तो दिवा पाहिला आणि मग स्टार्टरच्या पेटीकडे पाहिलं.

मग मॅडमनी भावाला सांगितलं, मेसेज खोटा होता, चूक माझी होती. दत्तूभाऊ धोतराचा सोगा पिळत होते. रागावतील असं मला वाटलं. पण ते शांतपणे म्हणाले, "शाले, तुझ्या हापिसाचा मेसेज हुता म्हनून उतरलो. दुसऱ्या कुनाचा असता तर जेवन संपवून उठलो असतो."

मॅडम तोपर्यंत रडल्या नव्हत्या. ते ऐकल्यावर मात्र त्यांना रडू आवरेना. शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं त्या मला नंतर म्हणाल्या.

त्या दिवशी नदीत कुणाला काही झालं नाही. हे मी लिहितो आणि लिहितानाही घाबरतो, कारण ते आमच्यामुळे टळलं नाही, केवळ नशिबाने टळलं. गावागावांत जाऊन मॅडमनी माफी मागितली. साहेबांना सांगून तपासणीसाठी यादीच वेगळी करायला लावली, जिच्यात नदीकाठचा एकही नंबर नाही. आणि मग राजीनामा लिहून त्या माहेरी गेल्या. माझ्या हातात हे काम नको, मला भीती वाटते, असं त्यांनी भावाला सांगितलं.

दत्तूभाऊंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तू घरी बसलीस तर तिथं भ्यायला कोन ऱ्हाईल?"

मॅडम परत आल्या. त्यानंतरही काही वर्षं त्या माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या. गेल्या हिवाळ्यात ताप आला, तो डोक्यात गेला, आणि आठवड्याभरात सगळं संपलं. दहाव्याला नदीवर दत्तूभाऊ भेटले. जाताना त्यांनी माझा नंबर मागून घेतला.

यंदा धरण लवकर भरलं. पाणी खरंच सुटणार होतं. यादी मी तपासली, मेसेज तपासला, पुन्हा तपासला आणि पाठवला. पाठोपाठ दत्तूभाऊंचा फोन आला. मागून नदीचा आवाज येत होता आणि माणसांचा गलका.

"मेसेज तुमीच पाठवला ना?" त्यांनी विचारलं. "तुमी बघितलाय ना समदा?"

मी हो म्हणालो.

"मग उतरतो," म्हणाले आणि फोन ठेवला.