विमानाची भिशी

कतारमधल्या दुखानच्या तेलवसाहतीत सरोज टिळेकरची ख्याती एकाच गोष्टीची होती: तिच्या भिशीत कुणाचा रियाल कधी बुडला नव्हता. म्हणूनच १९७९ साली तिच्या नवऱ्याच्या, संजीवच्या, फ्लाइंग क्लबनं आपले हिशेब तिच्या गळ्यात घातले. क्लब कसला, दहाबारा हौशी इंजिनियर आणि त्यांचं सामायिक विमान. जो उडवायला नेई तो तासाप्रमाणे पैसे भरी, त्यातूनच पेट्रोल, टायर आणि दुरुस्ती भागे.

सरोज स्वतः त्यात अजून बसलीच नव्हती. समुद्रावरून एक चक्कर संजीवनं कबूल केली होती, पण दर वेळी विमान नेमकं आजारी. आता मेकॅनिक कमाल सांगत होता की सिलिंडर भलतेच लवकर झिजताहेत. पुन्हा मोठं काम निघालं तर विमान विकावंच लागणार.

उंटांच्या मुलुखात राहूनही उंटावरून शेळ्या हाकणं तिला जमत नसे. शुक्रवारी सकाळी, ऐन थंडीत, ती थर्मास घेऊन धावपट्टीजवळच्या शेडमध्ये जाऊन बसली. एकेक मेंबर येई, इंजिन सुरू करी आणि मागे भूत लागल्यासारखा सुटे. एवढी कसली घाई, तिनं कमालला विचारलं. इंजिन आधी गरम करायला नको का? हवं ना, तो म्हणाला, पण तासांचं मीटर इंजिनाबरोबरच सुरू होतं. गरम करण्याचा वेळ ज्याच्या त्याच्या खिशातून जातो, सिलिंडर मात्र सगळ्यांचे.

सरोजला हसू आलं. मग संजीवची पाळी आली, आणि तो तर सगळ्यांत घाईनं सुटला. घरची गाडी गरम केल्याशिवाय जागची न हलवणारा माणूस! तिला मनापासून राग आला.

मीटिंगमध्ये तिनं सुचवलं की पैसे चाकांनी जमीन सोडल्यापासून ती पुन्हा टेकेपर्यंतचेच घ्यावेत, आणि जमिनीवर जळणारं पेट्रोल सगळ्यांनी मिळून भरावं. पहिला विरोध संजीवनंच केला. दुसऱ्याच्या पेट्रोलचा भुर्दंड आपण का सोसायचा, असं त्याचं म्हणणं.

सरोज इंग्रजी सोडून सरळ मराठीवर आली. “आपली गाडी लेकीसारखी जपता आणि हिला सावत्र समजता. म्हणून मरतेय ही.”

बाकीच्यांना शब्द कळले नाहीत, पण संजीवचा चेहरा पाहून अर्थ कळला. ठराव पास झाला.

पुढच्या शुक्रवारी तो तिला घेऊन गेला. इंजिन सुरू झालं, तेलाच्या तापमानाचा काटा हळूहळू चढू लागला. संजीवची नजर सवयीनं घड्याळाकडे गेली, तेव्हा तिनं त्यावर तळहात ठेवला. काटा जागेवर आल्यावरच ते निघाले.

वरून वसाहतीतली घरं काडेपेट्यांएवढी दिसत होती आणि पलीकडे समुद्र संपतच नव्हता. सरोजचे डोळे भरून आले. मीटर आता पळत होतं. वळायचं का, संजीवनं विचारलं.

“अजून एक चक्कर,” ती म्हणाली. “हिचे पैसे माझ्या भिशीतून.”