गार राहिलेलं चाक

ड्रायव्हर शेषेरावाचा पाय आखडलाय, असं कुणीतरी गंगम्मांच्या कानावर घातलं होतं. येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येच्या सणाला, शेताकडं जायच्या आत गाडी नीट झाली नाही तर स्टिअरिंगवर दुसरा माणूस बसवायचा, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं आणि शेषेरावाला तोंडावर सांगून टाकलं. आडून बोलायचा त्यांचा स्वभाव नव्हता. कुणी सांगितलं, तेवढं मात्र त्या बोलल्या नाहीत.

गाडी म्हणजे काळी लँडमास्टर. गंगम्मांचे मालक वकील होते, त्यांनी हौसेनं घेतलेली. ते लिंगैक्य झाल्यावर ती विकून टाका म्हणणारे पुष्कळ भेटले. पण मालकांची बसायची जागा मी विकायची नाही, असं म्हणून गंगम्मांनी गाडी ठेवली आणि गाडीबरोबर शेषेरावही राहिला.

झालं होतं ते असं. लातूर नुकतंच जिल्ह्याचं गाव झालेलं, पाऊस मात्र त्याही साली तोंड दाखवून गेलेला. औसा रोडला टँकरपाशी बायका घागरी मांडून रांगेत उभ्या होत्या. एक म्हातारी मध्येच आडवी आली, शेषेरावानं ब्रेक दाबला आणि गाडी थांबता थांबता डावीकडं, थेट रांगेच्या अंगावर गेली. दोन घागरी चेपल्या. माणसाला लागलं नाही, शिवाची कृपा. पण रांगेतली एक जण खिडकीत डोकावून म्हणाली, "मावशे, ड्रायव्हर तुमचा झोपलाय का पिऊन आलाय?" गंगम्मा लाजेनं काळ्याठिक्कर पडल्या. शेषेराव माळकरी. त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

दुसऱ्याच दिवशी दोघांनी गाडी मडिवाळप्पाच्या गॅरेजात नेली. मडिवाळप्पा म्हणजे शेषेरावाचा उस्ताद. बहात्तरच्या दुष्काळात शेषेरावाच्या घरची देवणी बैलजोडी छावणीत गेली ती परत आलीच नाही. शेती पडली, हा लातुरात आला आणि मडिवाळप्पानं त्याला हाताखाली घेतलं. पाना धरायला शिकवलं, गाडी चालवायला शिकवलं आणि माणूस विश्वासाचा आहे म्हणून वकिलांच्या घरी स्वतः नेऊन उभं केलं. दर गुरुपौर्णिमेला शेषेराव नारळ घेऊन त्याच्या पाया पडे. बापाच्याही इतक्या वेळा पडला नसेल.

मडिवाळप्पानं जॅक लावला तो डाव्या चाकाला. शेषेराव बघत राहिला.

पहिल्या वर्षी अशीच एक डावीकडं ओढणारी गाडी आली होती, तेव्हा शेषेरावानं डावंच चाक खोलायला घेतलं होतं. त्याचा हिशेब बैलाचा. गाडी डावीकडं जायला लागली म्हणजे डावा बैल मागं पडतोय, त्याला चुचकारायचं. उस्ताद पोट धरून हसला होता. म्हणाला, "अरे कुणब्या, बैल ओढतो, ब्रेक धरतो. डावं चाक धरतंय म्हणून गाडी तिकडं फिरती. उजवं धरीना, ते पुढं पळतंय. रोगी उजवं हाय." ते शेषेरावाच्या डोक्यात असं बसलं की पुढं बैलगाडी बघितली तरी तो उलटा विचार करी.

आणि आज तोच उस्ताद डावं चाक खोलून गंगम्मांना ब्रेकचं लायनर दाखवत होता. "हे बघा अव्वा, घासून गेलं. ह्याचा पाय जड झालाय, एकदम दाबतो. त्यानं खाल्लं हे." गंगम्मांचं माहेर मोठ्या शेतीचं, गोठ्यात बैलांच्या कैक जोड्या. डावीकडं जाते म्हणजे डावं बिघडलं, हे त्यांना लगेच पटलं.

"उस्ताद, उजवं बी एकदा..." शेषेराव म्हणाला.

"तू गाडी चालीव. चाकाचं मी बघतो."

नवं लायनर बसवून गाडी घरी आली आणि पहिल्यापेक्षा जास्त ओढायला लागली.

शेषेरावाला आधी वाटलं, आपलंच चुकत असेल. उस्तादाचं चुकतंय असं मनात आणायलासुद्धा जीव धजत नव्हता. त्यानं पुढच्या दोन्ही चाकांत हवा सारखी भरून घेतली. मोकळ्या रस्त्यावर हात सैल सोडून गाडी पळवली, तर ती रेघेवर पळाली. ब्रेकवर पाय ठेवला की डावीकडं. अगदी हळू दाबला तरी डावीकडं. म्हणजे पायाचा दोष नाही. मग खाली उतरून त्यानं दोन्ही चाकांवर हात धरला. डावं भाकरीच्या तव्यासारखं तापलेलं. उजवं गार, देवघरातल्या शाळुंकेसारखं गार. त्यानं काही धरलंच नव्हतं, ते तापणार कशानं?

तसाच तो घरी आला आणि गंगम्मांना बाहेर बोलावून म्हणाला, "अव्वा, जरा हात लावून बघा."

गंगम्मांनी पदर सावरून दोन्हीकडं हात लावला. "डावं तापलंय की रे."

"हाव. म्हणून उजव्यात खोट हाय."

त्यांनी त्याच्याकडं अशा नजरेनं बघितलं की त्याला पुढं बोलवेना. "अंग तापतं ते आजाऱ्याचं, शेषेराव. गार आहे ते धडधाकट. आपली चूक झाकायला माणसानं इतकं उलटं बोलू नये."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या लिंगपूजेला बसल्यावर त्यानं अंगणातच उजवं चाक खोललं. लायनर कोरडं होतं, झिजलेलंही नव्हतं. मग त्याचं लक्ष ब्रेकच्या सिलिंडरकडं गेलं. ब्रेक दाबला की ह्याच्या आतला दट्ट्या सरकतो आणि लायनर ड्रमला जाऊन भिडतं. हा दट्ट्या गंजून जागच्या जागी बसला होता. पण शेषेराव थिजला तो वेगळ्याच गोष्टीनं. हा सिलिंडर ह्या गाडीचा नव्हता. खंडेनवमीला पुजायच्या आधी दर साली तो गाडीचा अवयव न् अवयव पुसून काढी. आईला लेकराचे दात ओळखू यावेत तसे ते त्याला ओळखू येत. हा कुण्या दुसऱ्या गाडीचा, मोडीतला.

दसरा झाल्यावर बायकोच्या आजारपणात तो गावाकडं गेला होता, तेव्हा गाडी मडिवाळप्पाकडं राहिली होती. दुसऱ्या कुणाचा हात लागायचा प्रश्नच नव्हता.

हात तसेच काळे घेऊन तो गॅरेजवर गेला.

"उस्ताद, उजव्या चाकात कुणाचा सिलिंडर बसिवलाव?"

मडिवाळप्पानं हातातला पाना खाली ठेवला नाही. "बस. चहा सांगतो."

"चहा नको."

"नव्या साहेबाची गाडी आलती," मडिवाळप्पा म्हणाला. "सिलिंडर गेलता. सोलापुरास्नं काय लवकर येईना. नव्या जिल्ह्याची पहिली गाडी माझ्या दारात आलेली, तिला न्हाई म्हणू?"

"म्हणून आमचा काढला."

"चार दिसासाठी काढलो रे. साहेबाची गाडी परत आलीच न्हाई. आता साहेबाला सांगू का, चाक खोला, माझं परत द्या म्हणून?"

"मला तर सांगायचं हुतं."

"तुझ्या पोटात काय ऱ्हातंय? तू अव्वाला सांगितला असतास."

शेषेरावानं विचारलं, "आन् माझा पाय आखडलाय, हे कामून सांगितलाव?"

मडिवाळप्पानं नजर दुसरीकडं नेली. "कायतरी सांगावं लागतंय. तू घरचा. बाहेरच्याला बोललं तर तो भांडाय येतो. घरचा समजून घेतो."

त्याच्या आवाजात मायाच होती, आणि शेषेरावाला ती बोचली. घरचा म्हणून जवळ घेतलं होतं, आणि घरचा म्हणूनच पुढं केलं होतं.

घरी येऊन त्यानं सिलिंडर सोडवला, दट्ट्या ब्रेक ऑइलमध्ये भिजत ठेवला, घासून घासून मोकळा केला. नळीतली हवा काढली. येळवशीच्या आदल्या दिवशी गाडी भर वेगात थांबवली, तर ती नाकासमोर थांबली. त्यानं हात लावून बघितला. दोन्ही चाकं सारखी तापली होती.

येळवशीला आंबिलीचं मडकं मांडीत धरून गंगम्मा मागं बसल्या. औश्याच्या वाटेवर शेरडं आडवी आली, शेषेरावानं ब्रेक दाबला, आंबिलीचा थेंब सांडला नाही.

"झाली की रे सरळ," त्या खुशीत म्हणाल्या. "मडिवाळप्पांनी केलं वाटतं शेवटी. मी निरोप धाडला होता त्यांना."

"मी केलो, अव्वा. खोट उजव्यातच हुती." आणि मग त्यानं सगळं सांगितलं. सिलिंडर, साहेबाची गाडी, पाय आखडल्याची गोष्ट, सगळं.

शेताच्या बांधाशी गाडी लागली तेव्हा गंगम्मा म्हणाल्या, "तुला ज्यांनी हाताला धरून शिकवलं, त्यांच्याबद्दल बोलतोयस तू. गुरूची निंदा ज्याच्या तोंडून निघते, त्याचं खरं जरी असलं तरी माझ्या कानाला ते ऐकवत नाही. गाडी नीट झाली ना? तू राहा. आता हा विषय नको."

वीतभर राहिलेल्या ज्वारीत त्यांनी आंबील शिंपडली. कडब्याच्या कोपीत बसून सगळ्यांनी उंडे-भज्जी खाल्ली. शेषेरावाच्या पानात त्यांनी स्वतः वाढलं, आग्रह केला. तो जेवला. राहा म्हणाल्या होत्या, पण त्याच्या बोलण्यावर त्यांचा विश्वास बसला होता का, हे त्याला कळलं नाही. आणि बसला असेल तर ते जास्त वाईट, असं त्याला वाटलं.

घरी आल्यावर त्यानं किल्ली उंबऱ्याच्या आत ठेवली. "अव्वा, मी टँकरवर जातो. नांदेडच्या एकाचे टँकर चालू हायत, त्याला माणूस पायजे."

"रागावलास?"

"न्हाई."

त्यांनी एकदाच थांब म्हटलं. दुसऱ्यांदा म्हणाल्या असत्या तर तो थांबला असता.

थोड्या दिवसांनी श्रीमंत नावाचा नवा ड्रायव्हर टँकरपाशी त्याला गाठून गाडीचं विचारू लागला. शेषेरावानं हातचं न राखता सांगितलं. क्लच कुठं धरतो, थंडीत चोक किती ओढायचा, उजव्या पुढच्या चाकाचा सिलिंडर मोडीतला आहे, तो पावसाळ्याच्या आत बदलून घ्यायचा.

"कुणाकडं नेऊ?" श्रीमंतनं विचारलं.

शेषेरावानं जरा विचार केला. लातुरात ब्रेकचं काम करणारे आणखी दोघेतिघे होते, आणि त्यांचं काम त्यानं बघितलेलं होतं.

"मडिवाळप्पाकडं ने," तो म्हणाला. "त्याच्यावाणी कुणाला येत न्हाई. फकस्त गाडी तिथं सोडून जाऊ नको. चाक बसून होईस्तवर म्होरं उभा ऱ्हा."

मग टँकरचा नळ सोडायला तो मागं गेला.