चहा होईपर्यंत किल्ली

वडील गेले त्या साली आर्णीच्या घराचा भाडेकरार नव्याने करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. भाडेकरू मात्र जुनेच, नऊ वर्षांपासूनचे. कापसाचे वाईट दिवस होते. नवऱ्याचं जिनिंगमधलं काम सुटलेलं आणि बायको ब्लाउज शिवून घर चालवायची. मी यवतमाळहून स्टॅम्पपेपर तयार करूनच नेला. सही घ्यायची आणि निघायचं.

जाऊन पाहते तर गॅसची शेगडी अंगणात आणि दाराला कुलूप. तिने किल्ली माझ्या हातात ठेवली. "घ्या ताई, घर खाली केलं."

माझं डोकंच चालेना. आधी कळवायचं तरी! एसटीत उभं राहून मी आले ती काय अंगण बघायला? रागाच्या भरात तुटकपणे "बरं" म्हटलं, किल्ली पर्समध्ये टाकली आणि तरातरा स्टँडवर आले.

एसटी लागायच्या आत तिचा नवरा सायकल हाणत आला. "ताई, चहा न घेता काहून चालल्या? माहं काम सुटलं म्हणून घर नाही देत काय?"

"घर तुम्हीच सोडलं ना?"

त्याने सायकल भिंतीला टेकवली आणि सांगायला लागला. मग हळूहळू उलगडा झाला. दरसाल करार संपला की घर एकदा रिकामं झालंच पाहिजे, हा माझ्या वडिलांचा कायदा. शेगडी बाहेर, किल्ली त्यांच्या हातात. अंगणातच चहा व्हायचा. तो पिऊन झाला की सह्या आणि किल्ली परत. मला हे कुणी कधी सांगितलंच नव्हतं. वडील संशयी होते की आणखी काही, हे मला अजूनही कळलेलं नाही.

मी परत गेले. ती शेगडीजवळच बसली होती, डोळे लाल. चहा आटून तळाला लागलेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तोच चहा प्यायले, सह्या घेतल्या, किल्ली दिली आणि म्हटलं, "पुढच्या वेळी हे नाटक नको. शेगडी हलवायची नाही."

"असं नका करू ताई," ती म्हणाली. "किल्ली वापस देतानी काकाजी म्हणत, 'राहा.' तेवढं आयकलं का मंग सालभर धास्ती नाही वाटत."

मी किल्ली ते न म्हणताच दिली होती. पुन्हा हात पुढे केला. तिने घाबरतच ती परत दिली.

मी ती तिच्या हातावर ठेवली आणि म्हटलं, "राहा."